सुट्या भागांचे सख्य

आमच्या देवगाव रंगारीस रेल्वे नाही. आगगाडी धरावयाची तर लासूर स्टेशनास जावे लागते. माझ्या लहानपणी त्या स्टेशनातून जी गाडी जात असे ती मीटर गेजची, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेल्या मार्गावरची. निजामाच्या राजवटीत, 1900 सालच्या सुमारास, हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे ह्या नावाने हा लोहमार्ग खुला झाला. मनमाडास तो मुंबईच्या लोहमार्गास भेटे. परंतु मुंबईकडचे रूळ 1676 मिलिमीटर अंतराचे. एका मार्गावरील डबा दुसऱ्या मार्गावर चढणे शक्यच नव्हते. म्हणून आमच्याकडील कापसाची प्रत्येक गाठ मनमाडास हमालाच्या पाठीवरून एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाई, आणि प्रत्येक उतारू आपली ट्रंक, वळकटी व लेकरे सावरीत गाडी बदली. दोन्ही मार्ग आपापल्या ठिकाणी उत्तम होते. दोष होता तो दोहोंच्या सांध्यात. तो सांधा नीट होण्यास विसाव्या शतकाचे अखेरचे दशक उजाडावे लागले. म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षे एका सबंध मुलखाने न जुळणाऱ्या मापाची किंमत मोजली.

हे जुने गाऱ्हाणे आज काढण्याचे कारण मात्र निराळे आहे. आमच्या आळीतील एका शेतकऱ्याचा मुलगा, माझाच एके काळचा विद्यार्थी, काही वर्षे मनात एक हौस बाळगून होता. आधुनिक चित्रमय खेळ खेळता येतील असा सामर्थ्यवान संगणक त्यास हवा होता. आणि तो तयार विकत न घेता, सुटे भाग आणून स्वतःच्या हातांनी जुळवावयाचा होता. बापाने कापसाच्या पट्टीतून पन्नास हजार रुपये काढून दिले. घरात त्यावरून शब्दाला शब्द लागला, तो मी सांगत नाही. दोन महिने मुलगा एकेक जिन्नस जमवीत होता. काही जिल्ह्याच्या गावाहून, काही टपालाने. सगळे आल्यावर पेट्या उघडण्यास त्याने मला बोलाविले. त्यात ज्ञानाची अपेक्षा नव्हती. गुरुजी समोर असावेत एवढाच भाव होता.

मदरबोर्ड म्हणजे मुख्य फळी कॅबिनेटमध्ये बसली, प्रोसेसर बसला. पण रॅमची, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीची, पट्टी काही केल्या बसेना. लांबी तीच, पिनांची संख्या तीच, पण पट्टीची खाच आणि फळीवरील खुंटी ह्यांत काही मिलिमीटरांचा फरक. बाप म्हणाला, "दाब की जरा." मुलाने अंगठा टेकविला. मी म्हटले, "थांब. जे बसावयाचे असते त्यास जोर लागत नसतो." मला त्यापलीकडे काही ठाऊक नव्हते. मागाहून उलगडा झाला की फळी डीडीआर-4 ह्या पिढीच्या स्मृतीसाठी होती आणि पट्ट्या डीडीआर-5 पिढीच्या. दोहोंच्या पिना 288 च. खाच मात्र मुद्दाम निरनिराळ्या जागी ठेविलेली, अशासाठी की चुकीची पट्टी आत जाऊच नये. पाकिटे फोडलेली असल्यामुळे दुकानदाराने त्या पट्ट्या बरीच रक्कम कापून परत घेतल्या. बाप काही बोलला नाही; आणि तेच मुलास अधिक लागले.

त्या दिवसापासून मला एक प्रश्न सतावू लागला. एका कारखान्याचा प्रोसेसर, दुसऱ्याची फळी, तिसऱ्याची स्मृती, चौथ्याची वीजपेटी. हे सर्व एकमेकांचे प्रतिस्पर्धी. मग ह्यांचे भाग एकमेकांत बसतातच कसे? न बसणे हे नवल नव्हे. बसणे हेच नवल आहे. ह्या नवलाचा इतिहास मी जमेल तसा वाचून काढला. तोच आज आपणांपुढे ठेवतो.

आरंभी असे सख्य मुळीच नव्हते. आपल्या मुंबईचेच उदाहरण घ्या. डॉ. होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, रंगस्वामी नरसिंहन ह्यांच्या नेतृत्वाखालील तरुणांनी एक संगणक बांधला. तो 1960 साली रीतसर कामास लागला आणि 1962 साली पंडित नेहरूंनी त्यास 'टिफ्रॅक' हे नाव दिले. त्यात सुमारे 2700 निर्वात नळ्या होत्या. स्मृती 2048 शब्दांची, प्रत्येक शब्द 40 अंकस्थानांचा. त्या मुलाच्या हातातील सोळा जीबीच्या एका पट्टीत ह्याच्या सोळा लाख पटींहून अधिक साठा मावतो. परंतु माझा मुद्दा सामर्थ्याचा नाही. टिफ्रॅकची स्मृती टिफ्रॅकसाठीच रचलेली होती. तिची मांडणी, तिच्या तारा, तिची भाषा जगातील दुसऱ्या कोणत्याही यंत्रास उपयोगाची नव्हती. त्या काळी जगभर हीच रीत होती. यंत्र बदलले की त्यासाठी लिहिलेले सर्व कार्यक्रमही फुकट जात.

ही रीत मोडण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेतील आयबीएम कंपनीने केला. 7 एप्रिल 1964 रोजी तिने 'सिस्टिम 360' नावाचे एक कुटुंबच जाहीर केले. लहान यंत्र घेणाऱ्याने पुढे मोठे घेतले तरी जुने कार्यक्रम चालावेत आणि जोडावयाची उपकरणे तीच राहावीत, असा तिचा संकल्प होता. परंतु हे सख्य एका घरातले होते. घरधनी एकच, त्याने माप ठरवावे, इतरांनी पाळावे.

हे घर सर्वांस उघडे झाले ते 12 ऑगस्ट 1981 रोजी, आणि तेही काहीसे घाईमुळे. त्या दिवशी आयबीएमने आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' बाजारात आणिला. वैयक्तिक संगणकाच्या धंद्यात कंपनीस उशीर झाला होता. सर्व भाग स्वतः घडवीत बसण्यास वेळ नव्हता. म्हणून प्रोसेसर इंटेलचा घेतला, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची घेतली, आणि फ्लॉपी ड्राइव्ह घेतले ते टंडन ह्या एका भारतीयाने अमेरिकेत काढलेल्या कंपनीचे. फळीवर पाच स्लॉट मोकळे ठेविले आणि त्यांत कोणासही आपले कार्ड बसविता यावे म्हणून यंत्राचे सर्व आराखडे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. आपल्या हाती एकच किल्ली राखली. यंत्र चालू होताच सर्व भागांस जागे करणारा 'बायॉस' नावाचा जो छोटा कार्यक्रम असतो, त्याचा स्वामित्वहक्क कंपनीने आपल्याकडे ठेविला.

ती किल्लीही फार काळ एकाच्या हाती राहिली नाही. कॉम्पॅक ह्या नव्या कंपनीने तेच काम करणारा, परंतु स्वतंत्रपणे लिहिलेला बायॉस तयार करून 1983 च्या आरंभी आपले यंत्र विकावयास काढले. 1984 मध्ये फिनिक्स नावाच्या कंपनीने तर असा बायॉस वाटेल त्या कारखान्यास विकण्याचा धंदाच मांडला. तिची युक्ती ऐकण्यासारखी आहे. एका गटाने मूळ कार्यक्रम अभ्यासून तो काय काय करतो एवढेच लिहून काढावयाचे; मूळ कार्यक्रम कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या माणसाने त्या टिपणावरून नवा लिहावयाचा. नक्कल नाही म्हणून चोरी नाही. काम मात्र हुबेहूब. येथून सुट्या भागांचा खरा बाजार सुरू झाला.

आयबीएमला आपण काय गमाविले हे उमजले तेव्हा तिने दार पुन्हा लावून पाहिले. एप्रिल 1987 मध्ये तिने 'पीएस/2' ही नवी यंत्रे आणिली. त्यांतील स्लॉट नवे व अधिक वेगवान होते. पण जुनी कार्डे त्यांत बसत नसत, आणि तसे स्लॉट बनवावयाचे तर कंपनीस मोल द्यावे लागे. ह्यावर सप्टेंबर 1988 मध्ये कॉम्पॅकसह नऊ प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र आल्या आणि जुनी कार्डेही चालतील असा आपला निराळा स्लॉट त्यांनी जाहीर केला. व्यवहारात कोणताच पक्ष पुरता जिंकला नाही. परंतु सर्वांत मोठ्या कंपनीसही सर्वमान्य माप एकटीने बदलता येत नाही, हे त्यावेळी सिद्ध झाले. पुढे 1992 मध्ये इंटेलने पुढाकार घेऊन काढलेला 'पीसीआय' स्लॉट सर्वांनी मान्य केला आणि तो वाद मागे पडला.

आता आपल्या देशाकडे वळू. परकीय भांडवलाच्या कायद्यावरून मतभेद होऊन आयबीएमने 1978 साली भारत सोडला. नोव्हेंबर 1984 मध्ये केंद्र सरकारने नवे संगणक धोरण जाहीर केले आणि परदेशी भाग आणणे सुकर झाले. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनाजवळ लॅमिंग्टन रोड आहे; आजचे त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. रेडिओचे सुटे भाग मिळण्याचे ते जुने ठिकाण. जुन्या रेडिओच्या व्हॉल्व्हच्या बुडाशी आठ पिना आणि मधोमध एक खाचेची खुंटी असे. त्यामुळे व्हॉल्व्ह एकाच रीतीने बसे. 1935 पासूनची ही रचना होती. त्या बाजारात ज्यांनी व्हॉल्व्ह विकले त्यांच्याच शेजारी पुढे मदरबोर्ड व रॅम विकणारी दुकाने थाटली गेली. 'असेंबल्ड' हा शब्द मराठी घरांत रुळला तो अशाच बाजारांतून. कंपनीचा शिक्का नसलेला, पण खिशास परवडणारा संगणक कित्येक मध्यमवर्गीय घरांत आला तो ह्याच वाटेने.

ह्या सख्याच्या घडणीत आपल्याकडील माणसांचाही हात आहे. 1993 साली आलेल्या पेन्टियम प्रोसेसरच्या निर्मितीत ज्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते ते विनोद धाम पुण्यात जन्मलेले. ज्या स्लॉटमध्ये आज ग्राफिक्स कार्ड बसते तो 'पीसीआय एक्स्प्रेस', आणि ज्या लहानशा तोंडात आपण पेन ड्राइव्ह खुपसतो ते 1996 चे 'यूएसबी', ह्या दोहोंत अजय भट्ट ह्यांचा मोठा वाटा आहे. त्यांचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने, डॉ. विजय भटकर ह्यांच्या नेतृत्वाखाली, 1991 मध्ये 'परम 8000' हा महासंगणक उभा केला. अमेरिका सर्वांत प्रगत महासंगणक देण्यास राजी नव्हती, तेव्हा पुणेकरांनी ट्रान्सप्युटर नावाचे लहान प्रोसेसर घेतले. प्रत्येकास शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार दुवे होते. अनेक लहानांस एकमेकांशी जोडून मोठे काम करून घेतले. सांधा उत्तम असेल तर लहान भागही केवढे काम करतात, ह्याचा हा घरचा दाखला.

एवढा इतिहास वाचल्यावर त्या मुलास व मला संगणकाचे भाग निराळ्या दृष्टीने दिसू लागले. प्रत्येक सांधा म्हणजे एक करारनामा. आम्ही शाळेच्या वहीच्या पानावर पाच ओळी लिहिल्या.

पहिली ओळ प्रोसेसर व सॉकेटची. 1995 च्या सुमारास 'सॉकेट 7' नावाच्या एकाच कोंदणात इंटेल, एएमडी व सायरिक्स अशा तीन कंपन्यांचे प्रोसेसर बसत. 1997 मध्ये इंटेलने आपली वाट निराळी केली. तेव्हापासून इंटेलची फळी निराळी व एएमडीची निराळी. म्हणून आज पहिला निर्णय प्रोसेसरचा, आणि फळी त्यास अनुसरून. येथे एक सावधगिरी हवी. बसला म्हणजे चालला असे नव्हे. 2017 च्या अखेरीस इंटेलचे जे नवे प्रोसेसर आले ते 1151 पिनांच्या जुन्याच सॉकेटात बसत. परंतु जुन्या फळ्यांवर ते चालत नसत. म्हणून फळी करणाऱ्या कंपनीने प्रसिद्ध केलेली चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी पाहावी, आणि त्यासाठी बायॉसची कोणती आवृत्ती लागते तेही पाहावे.

दुसरी ओळ स्मृतीची. डीडीआर, तिची दुसरी, तिसरी, चौथी व पाचवी पिढी. 2000 सालापासून आजवर प्रत्येक पिढीने खाच हलविली आहे. एएमडीच्या 2022 साली आलेल्या एएम-5 सॉकेटास पाचवीच पिढी लागते. इंटेलच्या एलजीए-1700 च्या काही फळ्या चौथीच्या तर काही पाचवीच्या. नेमकी येथेच आमची चूक झाली होती.

तिसरी ओळ ग्राफिक्स कार्डाची. ह्या सांध्याचा करार सर्वांत उदार आहे. पीसीआय एक्स्प्रेसचे नवे कार्ड जुन्या स्लॉटात आणि जुने कार्ड नव्या स्लॉटात सहसा चालते. वेग मात्र दोहोंतील जुन्याच्या मर्यादेत राहतो. मुलांच्या खेळांस नाके मुरडणाऱ्यांस एवढेच सांगतो की खेळांतील चित्रे भराभर रेखाटण्यासाठी वाढविलेली हीच कार्डे आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामी जुंपली गेली आहेत.

चौथी ओळ वीजपेटीची, जीस बाजारात एसएमपीएस म्हणतात. 1984 च्या आयबीएमच्या 'एटी' यंत्राच्या धर्तीवर फळीस विजेचे दोन प्लग लागत. ते दिसावयास सारखे. अदलाबदल झाली तर फळी जळे. काळ्या तारा मधोमध शेजारी याव्यात हा नियम कारागीर पाठ करीत. 1995 मध्ये इंटेलने 'एटीएक्स' हे नवे माप काढले. त्यात दोहोंऐवजी एकच प्लग केला, आणि तो एकाच बाजूने बसतो. चुकण्याची सोयच नाहीशी केली. तथापि वीज किती लागेल हा हिशेब ज्याचा त्याने करावयाचा. प्रोसेसर व कार्ड ह्यांच्या वॉटची बेरीज करावी, इतर भागांसाठी शंभर धरावे, आणि वर एक तृतीयांश शिल्लक ठेवावी. 2022 च्या सर्वांत मोठ्या कार्डांनी 450 वॉटपर्यंत मजल मारली. त्यांच्यासाठी आलेला सोळा पिनांचा नवा प्लग काही ठिकाणी वितळला. प्लग पुरता आत न बसणे हे त्याचे एक प्रमुख कारण निघाले, आणि पुढील वर्षी त्याची रचना सुधारावी लागली.

पाचवी ओळ कॅबिनेटची, आणि तीस केवळ मोजपट्टी पुरते. एटीएक्स फळी 305 बाय 244 मिलिमीटर, मायक्रो एटीएक्स 244 बाय 244, मिनी आयटीएक्स 170 बाय 170. त्याखेरीज कार्डाची लांबी व पंख्याची उंची मोजून पाहावी. हजारो रुपयांचा जिन्नस दोन सेंटिमीटरांसाठी पेटीबाहेर राहिल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

योग्य पट्ट्या आल्या, त्या दिवशी मुलाने त्या स्लॉटात ठेविल्या आणि दोन्ही बाजूंस हलकेच दाब दिला. दोन्हीकडच्या कड्या टचकन लागल्या. पडदा उजळला तेव्हा बाप खुर्ची ओढून पुढे बसला. पन्नास हजारांविषयी त्या घरात पुन्हा शब्द निघाला नाही. वहीचे ते पान आता गावातील तिघा-चौघा मुलांच्या हातांतून फिरून आले आहे.

श्रोतेहो, शेवटी एक गोष्ट बोलून दाखवितो. आमच्या शेजारच्या खुलताबाद तालुक्यात वेरूळचे कैलास लेणे आहे. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण ह्याच्या काळी, एका अखंड खडकातून ते वरून खाली कोरीत आणले. त्यात सांधा नाही, म्हणून न जुळण्याचे भय नाही. पण एखाद्या हत्तीची सोंड तुटली तर ती कायमचीच गेली. आजकाल पातळ व देखण्या संगणकांत स्मृती फळीवरच कायमची डाखून टाकण्याची रीत वाढत आहे. तीही एक प्रकारची लेणीच. लेण्यास ते शोभते. शेतकऱ्याच्या घरातील यंत्रास शोभत नाही. त्यातील एक भाग बिघडला की सबंध यंत्र टाकावे लागते. 2022 साली केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली, ती ह्याच चिंतेपोटी.

कोठल्याही कारखान्याचा भाग आणून आपल्या यंत्रात बसविण्याची मोकळीक आपणांस निसर्गाने दिलेली नाही. 1981 च्या घाईतून, 1984 च्या युक्तीतून व 1988 च्या एकजुटीतून ती मिळाली. आणि ग्राहक बेफिकीर राहिले तर ती जाऊही शकते. लासूरहून बसलेला उतारू आज मनमाडास गाडी न बदलता थेट मुंबईस पोहोचतो. डब्यातील तरुण उतारूंस त्यात काही विशेष वाटत नाही. मला मात्र मनमाड आले की अजूनही नकळत उठून ट्रंकेस हात घालावासा वाटतो.